‘हॅलो’ची हाक

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचं आवाहन केलं. ‘हॅलो’ म्हणजे पाश्चात्त्यांचं अनुकरण, त्याला धड अर्थही नाही, असा त्यामागचा सूर. हा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं की फोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, त्यावरूनच हा शब्द आला. ही निव्वळ थाप. बेलचं लग्न जुलै १८७७ मध्ये मेबल हबर्डशी झालं, आणि ती लहानपणापासून कर्णबधिर होती. तिला फोनवर कोण कशाला हाक मारेल! शिवाय बेलला स्वतःला ‘हॅलो’ रुचत नव्हतं. तो ‘अहॉय’ म्हणायचा, म्हणजे खलाशांची आरोळी.

‘हॅलो’साठी आग्रह धरला तो एडिसनने. तेव्हाचे फोन दोन ठिकाणांना जोडून कायम चालू ठेवावेत, अशी कल्पना होती. मग पलीकडच्याला बोलावून घ्यायचं कसं? ऑगस्ट १८७७ मध्ये पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या अध्यक्षाला एडिसनने कळवलं, की घंटीची गरज नाही, ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरूनही ऐकू जातं. म्हणजे हा शब्द आला तो घंटीच्या जागी, नमस्काराच्या जागी नव्हे. त्याची भावंडं ‘हॅलू’, ‘होला’ ही तर शिकारी कुत्र्यांना चेतवायला किंवा लांबच्या माणसाला थांबवायला मारलेल्या हाका. अर्थ नाही ही तक्रार खरी, पण ‘अहो’ला तरी कुठला अर्थ असतो?

पुढचं काम टेलिफोन एक्स्चेंजांनी, म्हणजे एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देणाऱ्या केंद्रांनी केलं. अमेरिकेत न्यू हेवनच्या १८७८ च्या टेलिफोन पुस्तिकेत संभाषणाची सुरुवात ‘हलोआ’ने करा, अशी सूचनाच छापली होती. एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देणाऱ्या मुलींना ‘हॅलो गर्ल्स’ नाव पडलं. मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. हाक मारता मारता तिचं अभिवादन झालं, आणि इंग्रजीत आता लोक समोरासमोर भेटल्यावरही ‘हॅलो’ म्हणतात.

आपल्याकडे मात्र जुना अर्थ अजून शाबूत आहे. रेंज गेली की आपण ‘हॅलो... हॅलो?’ करतो, तेव्हा विचारायचं असतं ‘ऐकू येतंय का?’ मांडवातला माईकवालाही ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणतो, तेव्हा तो कुणाला नमस्कार करत नसतो. आणि रांगेत मध्येच घुसणाऱ्याला ‘ओ हॅलो!’ म्हणून हटकतात, त्यात तर शिकाऱ्याच्या आरोळीचाच जोर असतो.