रेकी: बरं वाटणं आणि बरं होणं

मावशी टेबलावर डोळे मिटून पडली होती. पंखा बंद, पडदे ओढलेले, मोबाइल बाहेरच ठेवायला लावलेले. रेकी देणाऱ्या बाईंनी तळहात एकमेकांवर घासले आणि अलगद तिच्या डोळ्यांवर ठेवले. तीन-चार मिनिटं काहीच हालचाल नाही. मग कानांवर, गळ्याजवळ, छातीच्या जरा वर हवेतच, पोटावर, गुडघ्यांवर आणि शेवटी तळपायांवर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पाहत होते. विसाव्या मिनिटाला मावशी चक्क घोरायला लागली. काका गेल्यापासून चार महिने तिला धड झोप नव्हती.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "हे गेल्यापासून मला असा हात कुणी लावला नव्हता गं."

पण निघताना त्याच बाईंनी तिला सांगितलं होतं, "दहा सिटिंग होऊ देत, मग बीपीची गोळी बंदच करून टाकू." एकाच टेबलावरून आम्ही दोन गोष्टी घेऊन घरी आलो होतो. एक अगदी खरी, दुसरी जिवावर बेतणारी. त्या वेगळ्या करता याव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

रेकी ऐकायला फार प्राचीन वाटते, पण ती जेमतेम शंभर वर्षांची आहे. जपानमधल्या मिकाओ उसुई यांनी 1922 मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपवास आणि ध्यान केलं आणि तिथे त्यांना ही विद्या मिळाली, असं परंपरा सांगते. त्याच वर्षी त्यांनी तोक्योत संस्था काढली आणि 1926 मध्ये ते वारले. त्यांचे शिष्य, नौदलातले चुजिरो हायाशी यांच्याकडून हवाईच्या हावायो ताकाता ही विद्या शिकल्या आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकेत पोहोचली. 'रेई' म्हणजे दैवी, 'की' म्हणजे जीवनशक्ती. आपल्याला 'प्राण' हा शब्द घरचा असल्यामुळे ही कल्पना इथे सहज रुजली.

देणाऱ्याच्या हातातून वैश्विक ऊर्जा घेणाऱ्याच्या शरीरात जाते, असा दावा आहे. विज्ञानात ऊर्जा म्हणजे मोजता येणारी गोष्ट. स्वस्थ बसलेलं आपलं शरीरसुद्धा साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. हृदयाची वीज ईसीजीत दिसते. हृदयाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या दशलक्षांश इतकं क्षीण असतं, पण तेही मोजता येतं. रेकीची ऊर्जा मात्र आजवर कुठल्याही उपकरणाला सापडलेली नाही. मग अंगाला ऊब लागते ती कसली? शरीराची उष्णता एरवी हवेत निघून जाते. दोन-तीन इंचांवर कोमट तळहात धरला की तिची वाट अडते, शिवाय हाताची स्वतःची ऊब असतेच. आपल्याच गालाजवळ हात धरून पाहा. अंगाला मुंग्या येतात, त्याचंही तसंच. निश्चल पडून एकाच अवयवाकडे लक्ष दिलं की एरवी न जाणवणाऱ्या कितीतरी हालचाली जाणवायला लागतात.

अमेरिकेत एमिली रोझा या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी एक सुरेख प्रयोग केला. रेकीच्याच जातकुळीतल्या 'थेरप्युटिक टच' या पद्धतीचे उपचारक तिने पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसवले. त्यांचे दोन्ही हात भोकांतून तिच्या बाजूला. नाणं उडवून ती त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हाताच्या जरा वर, न टेकवता आपला हात धरायची आणि कुठल्या हाताशी ऊर्जा जाणवते ते विचारायची. 21 उपचारकांना मिळून 280 वेळा विचारलं, 123 उत्तरं बरोबर आली, म्हणजे 44 टक्के. डोळे झाकून काहीही सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर यायची! 1998 मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

रेकीचीही अशी परीक्षा झाली आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केमोथेरपी घेणाऱ्या 189 रुग्णांचे तीन गट केले. एकाला खरी रेकी, दुसऱ्याला रेकी न शिकलेल्या व्यक्तीकडून तशाच हालचालींची लुटुपुटूची रेकी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा अधिक आराम वाटला, आणि त्या दोघांत फरक दिसला नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. दीक्षा, चिन्हं, गुरुपरंपरा यांवाचूनही काम झालं. कुणीतरी शांतपणे जवळ थांबलं, एवढं पुरलं. मावशी रिक्षात तेच तर म्हणाली होती.

आता तो आराम कुठवर पोहोचतो? याचं उत्तर दम्याच्या एका प्रयोगात आहे. त्यात रेकी नव्हती, पण मुद्दा हाच. 2011 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दम्याच्या रुग्णांना आळीपाळीने खरा इनहेलर, औषध नसलेला इनहेलर, खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही, असं देऊन पाहिलं. रुग्ण म्हणाले, पहिल्या तिन्हींनी जवळजवळ सारखंच बरं वाटलं. मग श्वासाचं मोजमाप घेतलं. खऱ्या औषधाने फुप्फुसांची क्षमता 20 टक्के वाढली होती, बाकी तिन्हींत जेमतेम 7 टक्के. बरं वाटणं आणि बरं होणं यांत केवढं अंतर पडू शकतं, ते या आकड्यांत दिसतं. दम्याच्या माणसाला नुसतं बरं वाटून तो इनहेलर विसरला, तर रात्री धाप लागल्यावर काय करायचं?

तेव्हा जायचं असेल तर खुशाल जा. अंगावरचे कपडे काढावे लागत नाहीत. कुठे हात लावलेला चालेल आणि कुठे नाही, हे आधीच सांगा. हात न टेकवताही रेकी देतात. तास-पाऊण तासाची विश्रांती मिळेल, कदाचित झोप लागेल, एखाद्या वेळी रडूही येईल. मनावरचा ताण, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, लांबलेल्या आजाराचा एकटेपणा, यांत तेवढीही सोबत मोलाची असते. पण गाठ, साखर, थायरॉइड, संसर्ग यांच्यासाठी तिथे थांबू नका. कर्करोगात नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या 281 रुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मृत्यूचा धोका उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता. समोर न येता दुरूनच दिल्या जाणाऱ्या 'दूरस्थ रेकी'साठी पैसे भरण्याआधीही थांबा. हात लावून आणि हात न लावता थोड्या अंतरावरून दिलेली रेकीसुद्धा फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे दीर्घकाळ अंगभर दुखत राहणाऱ्या विकाराच्या रुग्णांवर तपासली गेली आहे आणि तिचा उपयोग दिसला नाही. आणि कुणी गोळी बंद करायला सांगितलं, तर तिथून उठा.

आम्ही त्या बाईंकडे पुन्हा गेलो नाही. मावशीने दुसऱ्या एक बाई शोधल्या, ज्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "औषधं डॉक्टरांना विचारूनच, मी त्यात पडत नाही." दर गुरुवारी ती तिथे जाते. एकदा मी घरच्या मशीनवर तिचा रक्तदाब पाहिला. सिटिंगहून आल्या आल्या वरचा आकडा 136 होता. त्या सकाळी गोळी राहिली होती. दुसऱ्या दिवशी उठल्यावर तो 158 झाला. मावशीने आकडा पाहिला, काही बोलली नाही, आणि फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा घेऊन शुक्रवारचा कप्पा उघडला.