गाडी माणसापेक्षा चांगल्या पाट्या वाचते, हे कितपत खरं?

"एआय ट्रॅफिकच्या पाट्या 99 टक्के बरोबर ओळखतं, माणसापेक्षाही भारी, त्यामुळे तसली गाडी असेल तर पाट्यांकडे बघायची गरज नाही" असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. वाटणं साहजिक आहे, कारण त्यातला आकडा खोटा नाहीये. 2011 मध्ये जर्मनीतल्या पाट्यांच्या फोटोंवर एक स्पर्धा झाली, त्यात एका एआय मॉडेलने 99.46 टक्के मिळवले आणि माणसांचे सरासरी 98.84 आले.

पण परीक्षा काय होती ते बघा. प्रत्येक फोटोत पाटी आधीच कापून ठेवलेली, आणि ठरलेल्या 43 प्रकारांपैकी कुठली एवढंच सांगायचं. रस्त्यावर आधी पाटी शोधावी लागते, तीही फांदीमागे, पावसात, नाहीतर वर कुणाचं तरी पोस्टर चिकटवलेलं असताना. शिवाय असं मॉडेल शिकवलेल्या प्रकारांतलंच उत्तर देतं, म्हणजे आपल्याकडची अनोळखी पाटी दाखवली तरी ते त्या 43 पैकीच एखादं नाव सांगणार. ट्रकच्या मागे रंगवलेला 40 चा गोल आणि खांबावरची पाटी यातला फरक आपल्याला लगेच कळतो, कॅमेऱ्याचा मात्र तिथे घोळ होऊ शकतो.

खात्री करायचीय? ते फोटो नेटवर फुकट मिळतात, काही तर जेमतेम 15 बाय 15 पिक्सेलचे आहेत, उघडून बघा. आणि गाडीत हे फीचर असेल तर मॅन्युअलमधलं त्याचं पान वाचा, कॅमेरा कधी चुकू शकतो ते तिथे दिलेलं असतं.