पुण्यात कंपन्या आधी आल्या, गुंतवणूकदार नंतर

पुण्यातल्या स्टार्टअपची चर्चा हल्ली कुणाला किती निधी मिळाला इथूनच सुरू होते. पण या शहरात तंत्रज्ञान कंपन्या काढणाऱ्यांची पहिली पिढी निधीवर वाढलेली नाही, आणि हे विसरलं की इथला पुढचा इतिहास नीट कळत नाही.

मुळाशी कारखाने आहेत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो छोट्या उद्योगांचं जाळं तयार झालं. सॉफ्टवेअरसाठी लागणारी माणसं मात्र संस्थांमध्ये घडली. टाटांचं संशोधन केंद्र टीआरडीडीसी १९८१ मध्ये इथे सुरू झालं. अमेरिका भारताला महासंगणक देईना, म्हणून १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला.

१९९० हे वर्ष कलाटणीचं. देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ज्या शहरांत झाली, त्यांत पुणे होतं. परदेशी काम पाठवायला उपग्रह जोडणी लागे आणि छोट्या कंपनीला ती एकटीने घेणं अशक्य होतं. पार्कमुळे ती सामायिक मिळू लागली. त्याच वर्षी अमेरिकेतून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, तर रवी पंडित आणि किशोर पाटील या दोन सनदी लेखापालांनी केपीआयटी. पर्सिस्टंट शेअर बाजारात आली ती २०१० मध्ये, वीस वर्षांनी.

मला सर्वांत मोलाची वाटते ती क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची वाटचाल. साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबातले कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले. बिघाड बऱ्याचदा यंत्रात नसे, फ्लॉपीतून शिरलेल्या व्हायरसचा असे. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि त्यांतूनच अँटिव्हायरस जन्मला. गिऱ्हाइकाची नड रोज समोर दिसत होती आणि दुकानाच्या कमाईवर उत्पादन घडत होतं. सिक्वोया या गुंतवणूक संस्थेचे ६० कोटी रुपये आले २०१० मध्ये, म्हणजे बाजारपेठ हाती आल्यावर. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

त्यानंतरची पिढी वेगळी. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुण्यातल्या केंद्रांत उत्पादनं घडवलेले अभियंते बाहेर पडू लागले. २००८ ची ड्रुवा ही डेटा बॅकअपची कंपनी व्हेरिटास या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्यांची. त्याच वर्षी पुणे ओपन कॉफी क्लब सुरू झाला आणि एकेकटे धडपडणारे संस्थापक एकमेकांना भेटू लागले. २०१० मध्ये लहान मुलांच्या वस्तू ऑनलाइन विकणारी फर्स्टक्राय आली. तिचं गणित पहिल्यापासून गुंतवणूकदारांच्या पैशावर बेतलेलं होतं, कारण देशभर माल पोचवायचा तर आधी खर्च करावाच लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हाही ती तोट्यात होती. दुकानाच्या गल्ल्यातून पगार करणाऱ्या नव्वदच्या दशकातल्या संस्थापकाला इतकी वर्षं तोटा सोसणं शक्यच नव्हतं.