परड्यात डेक टाकायचाय? कोल्हापुरात परवानगी कधी लागते, कधी नाही, आणि कागद कुठले

आजकाल साळोखेनगर म्हणा, रुईकर कॉलनी म्हणा, बंगल्याच्या मागं दहा-बारा फुटाचा पट्टा मोकळा असला की पहिला विचार डेकचा येतोय. चार खुर्च्या, एक झोपाळा, रविवारी तिथंच तांबडा-पांढरा. फॅब्रिकेटर तर फोनवरच स्क्वेअर फुटाचा रेट सांगून मोकळा होतो आणि वर ऐकवतो, "परवानगी कसली, आपलंच परडं हाय की ओ, कोण विचारतंय." विचारतात. महापालिका आपणहून परड्यात डोकवायला येत नाही हे खरं, पण शेजारी एक तक्रार अर्ज टाकतो आणि मग यावंच लागतं.

सगळा घोळ छताचा आहे, हे आधी डोक्यात घ्या. राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, जिला सगळे आर्किटेक्ट-इंजिनिअर नुसतं यूडीसीपीआर म्हणतात (मुंबई वगळून बहुतेक शहरांना तीच आहे, कोल्हापूरलाही), तिच्यात जमिनीवर इमारतीनं व्यापलेल्या जागेची व्याख्या दिलीय, आणि त्या मोजणीत काय धरायचं नाही तेही लिहिलंय: बाग, विहीर, रोपवाटिका, वर छप्पर नसलेला स्विमिंग पूल, झाडाभोवतीचा पार, बाक, आणि वर उघडा व बाजूनं भिंती नसलेला चबुतरा. आपला डेक म्हणजे याच घरातला प्राणी. वरून आभाळ दिसतंय, बाजूला भिंत नाही, तर तो व्यापलेल्या जागेत येत नाही. पण त्याच डेकवर चार पाईप उभे करून पत्रा किंवा पॉलीकार्बोनेटची शीट टाकली, की ते बांधकाम झालं आणि एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं तो आकडा), मार्जिन (हद्दीपासनं मोकळी सोडायची जागा), परवाना सगळंच मागनं आलं.

इथं लोक एक हमखास युक्तिवाद करतात की नटबोल्टचं आहे, कधीबी काढता येतंय. त्याचा उपयोग नाही. तात्पुरत्या बांधकामालासुद्धा वेगळी, मुदतीची परवानगी असते, आणि एमआरटीपी कायद्यात, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्यात, तात्पुरतं अनधिकृत काम काढण्यासाठी कलम ५५ खास ठेवलेलं आहे.

उघड्या डेकलाही माझं मत असं की इंजिनिअरला एकदा जागा दाखवावी. उंची घराच्या जोत्यापेक्षा वर नेऊ नका, कंपाऊंडला चिकटवू नका, खाली पोकळी ठेवून तिथं स्टोअर रूम काढायचा मोह आवरा. असलं काही केलं की तो चबुतरा राहत नाही.

छत हवंच असेल तर

मग आधी आपला मंजूर नकाशा कपाटातनं बाहेर काढा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, मागची आणि बाजूची मार्जिन किती सोडलीय. प्लॉटचा साईज, रस्त्याची रुंदी, दाट वस्ती का बाहेरचा भाग यावर ती ठरते, त्यामुळं शेजारच्याला मिळाली म्हणून मला मिळंल असं नसतंय. मार्जिनमध्ये छताचा डेक बसत नाही, एफएसआय कितीही शिल्लक असू दे, आणि आपल्याकडं बहुतेक परडी म्हणजे नुसती मार्जिनच असते, ही खरी अडचण. दोन, एफएसआय. दाट वस्तीच्या बाहेर, नऊ मीटरपेक्षा लहान रस्त्यावर बेसिक एफएसआय १.१० आहे, म्हणजे १५० चौरस मीटरच्या प्लॉटवर १६५ चौरस मीटर बांधकाम. दहा बाय बारा फुटाचा डेक म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. तेवढं शिल्लक आहे का ते बघायचं, नसलं तर जागच्या जागी विषय संपला.

अर्ज कुणाकडं जातो यात लई गोंधळ होतो. महापालिका हद्दीत नगररचना विभाग. पण पाचगाव, उचगाव अशा शहराला लागून असलेल्या गावात राहत असाल तर तुमचं नियोजन कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडं येतं, २०१७ साली ४२ गावांसाठी ते स्थापन झालंय. गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा, ग्रामपंचायतीच्या एका दाखल्यावर विसंबून पाया खणू नका.

आणि नदी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे तर शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, पण प्लॉट निळ्या रेषेत आहे का लाल रेषेत हे घरमालकालाच माहीत नसतं. निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदाच्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन बांधकाम बंद. निळी ते लाल यात अटींवर मिळतं, आणि मुख्य अट ही की जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर पाहिजे. आता ज्याचं घर जुन्या जोत्यावर आहे त्यानं परड्यातलं जोतं तेवढं उचलायचं म्हणजे डेक खिडकीच्या वर जाणार. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्या गल्ल्यांनी बघितलाय तिथल्या लोकांनी छताचा नाद सोडावा आणि उघड्या डेकवर भागवावं, त्यातही लाकूड नको, तीन दिवस पाण्यात राहिलं की फुगतंय.

अर्ज कोण करू शकतो

मालक, किंवा मालकानं रीतसर मुखत्यारपत्र दिलेला माणूस. प्रॉपर्टी कार्डावर जेवढी नावं तेवढ्यांच्या सह्या. आपल्याकडं पेठेतल्या घराच्या कार्डावर आजोबा, दोन चुलते आणि लग्न होऊन सांगलीला गेलेली आत्या असते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो, ऑफिसात नाही. आजोबा वारले असतील तर आधी वारसनोंद, मग बाकी सगळं. हिस्सेदार राहतात बाहेरगावी पण हक्क सोडलेला नसतो, तेव्हा संमतीपत्र नोटरी करून घ्या, "दादा काय नाही म्हणणार नाहीत" हे फाईलला लावता येत नाही.

भाडेकरूला अर्ज करता येत नाही. अपार्टमेंटमध्ये ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट घेतलाय आणि बिल्डरनं "मागची जागा तुम्हीच वापरा" म्हणून सांगितलंय, तर ती जागा सामाईक आहे का ते करारपत्रात बघा, बहुतेक असतेच, आणि मग सोसायटीच्या ठरावाशिवाय तिथं खुर्ची सोडून काही टाकू नये. गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यानं पाडून विकलेला प्लॉट असंल तर आधी तो नियमित झालाय का ते बघा. गुंठेवारी कायदा २००१ चा, पुढं दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. नियमितीकरणाचा आदेश हातात नसंल तर नवीन कामाचा अर्ज पुढं सरकणार नाही.

कागद

मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हे नसलेल्या भागात सातबारा. डिजिटल सहीचं घ्या, ऑनलाईन निघतं. जमीन शेतीची बिगरशेती झाली असंल तर एनए आदेश किंवा सनद. मोजणी नकाशा, म्हणजे भूमी अभिलेखची 'क' प्रत. हा कागद लोक शेवटी आठवतात आणि यालाच वेळ लागतो. मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, घाई असंल तर द्रुतगतीची जास्त फी भरा. आणि मोजणीला सर्वेअर आला की स्वतः उभं राहा, कंपाऊंडची भिंत कार्डावरच्या हद्दीवर नाहीच हे कैकदा तिथंच कळतं, दीड फूट इकडं नाहीतर तिकडं, आणि ते दीड फूट म्हणजेच तुमची मार्जिन.

पुढं झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी धरलीय त्याचा) आणि भाग नकाशा, जुना मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा दाखला (काम पुरं झाल्यावर घर वापरायला मिळालेला), घरफाळा आणि पाणीपट्टी थकीत नसल्याचा दाखला. घरावर कर्ज असंल तर बँकेची एनओसी, सोसायटीचा प्लॉट असंल तर सोसायटीची. नवीन नकाशा लायसन्सधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टनं काढलेला, त्यात नवीन काम लाल रंगात, पाडायचं असंल ते पिवळ्या रेघांनी. छताला खांब येणार म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरतेचं हमीपत्र.

घरफाळ्याबद्दल एक गैरसमज आहे तो सांगतो. पुष्कळ लोक म्हणतात, शेडला घरफाळा लागलाय म्हणजे ती कायदेशीर. उलट आहे. कर लावला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, अनधिकृत असंल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली वर शास्ती, म्हणजे दंड लागतो. पावतीवर शास्तीचा रकाना भरलेला दिसला तर समजून जावा.

अर्ज कसा जातो

तुम्ही स्वतः खिडकीवर फाईल घेऊन जायचे दिवस गेले. राज्याच्या ऑनलाईन सिस्टीमवर, जिला बीपीएमएस म्हणतात, इंजिनिअरच्या लॉगिननं नकाशा चढतो. त्रुटी निघाल्या तर त्याच्याच लॉगिनला येतात, तुम्हाला आठवडाभर पत्ता नसतो, म्हणून दर दोन दिवसांनी त्याला फोन करत जावा, वाईट दिसंना का. फी मध्ये छाननी शुल्क आणि विकास शुल्क, विकास शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जागेच्या दरावर निघतं त्यामुळं ताराबाई पार्क आणि फुलेवाडीचा आकडा एकसारखा येत नाही. कामगार उपकर एक टक्का असतो, पण स्वतःच्या राहत्या घराचं काम पन्नास लाखाच्या आत असंल तर कायद्यातनंच सूट आहे, हे इंजिनिअरला आठवण करून द्या.

लहान प्लॉटला वेगळी सोय आहे आणि तिचाच सगळ्यात चुकीचा अर्थ काढला जातोय. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे स्क्वेअर फुटाच्या प्लॉटवर लायसन्सधारकानं नियमात आहे असं स्वतः प्रमाणित करून कागद दाखल करायचे, फी भरायची, त्या पावतीवर काम सुरू. १५० ते ३०० पर्यंत दहा दिवसात परवानगी. याची बातमी झाली "दीड हजार फुटाला परवानगी नको" अशी, आणि मग मेव्हण्यापास्नं वॉचमनपर्यंत सगळे तेच सांगायला लागले. नियम माफ नाहीत, फक्त तपासणीची रीत बदललीय. मार्जिन तेवढीच, एफएसआय तेवढाच, आणि खोटं प्रमाणित केलं तर इंजिनिअरचं लायसन्स अडकतं, म्हणून चांगला इंजिनिअर तुमच्यासाठी सही करताना दहादा बघणार. बघू दे.

नेहमीच्या मार्गानं गेलं तर कायद्यात ६० दिवस धरलेत. नामंजूर झालं तर लेखी कारण मागा, एमआरटीपीच्या कलम ४७ खाली शासनाकडं अपील करता येतं, मुदत ४० दिवस.

परवाना हातात आला की जोत्यापर्यंत काम करून जोता तपासणीचा दाखला घ्यायचा, मगच खांब. इथं फॅब्रिकेटर घाई करतो कारण त्याचा माल तयार असतो. त्याला थांबवा.

परड्यात झाड असंल तर ते पाडायला उद्यान विभागातनं वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, आणि पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड आता हेरिटेज धरतात. आपलंच लावलेलं आहे ही सबब चालत नाही. त्यापेक्षा झाडाभोवती पार करा, तो व्यापलेल्या जागेत धरत नाहीत हे वर आलंच आहे, फक्त बुंध्याजवळ माती मोकळी ठेवा.

दुसरं, ड्रेनेज चेंबर आणि सेप्टिक टँक. उपनगरात बहुतेकांची टाकी परड्यातच असते आणि डेक नेमका तिच्यावर येतो. नकाशात चेंबर दाखवा आणि त्याच्या डोक्यावर दोन बाय दोनचं उचलता येणारं झाकण ठेवा, बिजागरीचं नको, गंजतं, नुसतं खाचेत बसणारं. नाहीतर पहिल्यांदा टाकी उपसायला गाडी आली की नव्या कोऱ्या फळ्या करवतीनं कापाव्या लागतात. पत्र्याचं पाणी शेजारच्यांच्या हद्दीत पडणार नाही असा उतार द्या, निम्म्या तक्रारी तिथनंच सुरू होतात.

ज्यांनी आधीच छत टाकलंय त्यांच्यासाठी. नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. कलम ५३ च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो, मार्जिन आणि एफएसआय बसत असंल तर मार्ग आहे. बसत नसंल तर पत्रा उतरवून डेक उघडा करा आणि तसं फोटोसकट लेखी कळवा, पोच घ्या. मुदत गेली की पाडायचा खर्चही तुमच्याकडनंच वसूल होतो, आणि कलम ५२ खाली गुन्ह्याची तरतूद आहे ती वेगळीच.

काम झाल्यावर पूर्णत्वाचा अर्ज करून सुधारित भोगवटा दाखला घ्या आणि घरफाळा विभागात वाढीव क्षेत्राची नोंद स्वतःहून करा. जोत्याचा आणि भोगवट्याचा, दोन्ही दाखले लोकसेवा हक्क कायद्यात येतात, वेळेत मिळाले नाहीत तर त्याच विभागात पहिलं अपील टाकता येतं. घर विकताना किंवा टॉप-अप लोन काढताना बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊनच परड्यात जातो, तेव्हा नवा नकाशा, परवाना, जोत्याचा दाखला आणि भोगवटा एकाच फाईलला लावून ठेवा.