वांग आन-श

वांग आन-श : (१०२१–१०८६). उत्तर सुंग काळातील चिनी मंत्री, अर्थकारणी व साहित्यिक. घराणे ज्यांगशीतील लिनच्वानचे. १०४२ मध्ये तो ‘जिन-श’ ही सर्वोच्च शासकीय परीक्षा उत्तीर्ण झाला. राजधानीतील नेमणुका टाळून त्याने बरीच वर्षे प्रांतांत काढली. सध्याच्या निंगबोजवळील यिन जिल्ह्याचा अधिकारी असताना त्याने कालवे-बंधारे दुरुस्त करून घेतले व सरकारी कोठारांतील धान्य शेतकऱ्यांना उसने दिले. १०५८ मध्ये त्याने रन-झुंग सम्राटास सादर केलेल्या प्रदीर्घ निवेदनाची फारशी दखल घेतली गेली नाही.

शन-झुंग १०६७ मध्ये गादीवर आल्यावर मात्र चित्र पालटले. वांग १०६९ मध्ये उपमंत्री व १०७० अखेर प्रमुख मंत्री झाला. ‘नवे कायदे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या सुधारणा याच काळातल्या : वेठीऐवजी रोख कर, गावोगावच्या कुटुंबांचे रक्षकगट, सरकारी व्यापार कचेरी, परीक्षांत काव्याऐवजी अभिजात ग्रंथांच्या अर्थविवरणावर भर. सर्वाधिक वाद ‘हिरवी रोपे’ या पीककर्जावर झाला. व्याज नाममात्र २० टक्के होते. पण वर्षातून दोनदा कर्ज दिले जाई आणि दर हंगामास हा दर आकारल्यास वार्षिक बोजा ४० टक्क्यांपर्यंत जाई, असा विरोधकांचा आक्षेप होता. खाजगी सावकारी याहून महाग होती हे खरे. तथापि उद्दिष्ट गाठण्यासाठी अधिकारी कर्ज गळ्यात मारत, ही तक्रार निराधार दिसत नाही.

वांगच्या चारित्र्यावरील पुरावा जपून वापरावा लागतो. ‘कपटी माणूस ओळखावा कसा’ या आशयाचा एक निबंध समकालीन गद्यकार सू श्युनच्या नावावर आहे. त्यात नाव न घेता, तोंड न धुणाऱ्या व कैद्यासारखे केस वाढवून ग्रंथांवर बोलणाऱ्या माणसापासून राज्याला धोका असल्याचे म्हटले आहे. रोख वांगवर आहे, असे परंपरा मानते. सू श्युन मात्र १०६६ मध्ये, म्हणजे सुधारणांपूर्वीच वारला. इतके अचूक भाकीत संशयास्पद ठरवून बऱ्याच नंतरच्या छिंग काळातील विद्वान ली फू व त्साय शांग-श्यांग यांनी निबंध बनावट ठरविला. तो रचल्याचा संशय वांगविरोधी गटातील लेखक शाव पो-वनवर घेतला जातो. उलट पक्षाचा आधार म्हणजे सू श्युनच्या मृत्युलेखातील या निबंधाचा उल्लेख व त्या लेखाबद्दल पुत्र सू श याने मानलेले आभार. निबंध बनावट मानल्यास ही कागदपत्रेही प्रक्षिप्त मानावी लागत असल्याने बनावटीचा पक्ष वाटतो तितका भक्कम नाही. वांगच्या गबाळेपणाच्या कथा इतरत्रही आढळतात. शन-झुंगच्या कारकीर्दीचा अधिकृत इतिहासही सत्ताधारी गट बदलताच पुन्हा लिहिला गेला.

दुष्काळ व जंग श्या या अधिकाऱ्याने सम्राटास पाठविलेले निर्वासितांचे चित्र यांमुळे १०७४ मध्ये वांग पायउतार झाला. १०७५ मध्ये तो परतला. मुलाच्या मृत्यूनंतर १०७६ मध्ये त्याने ज्यांगनिंग (नानजिंग) येथे कायमची निवृत्ती पत्करली. सम्राटाच्या निधनानंतर (१०८५) विरोधी गटाचा नेता स-मा ग्वांग याने बहुतेक कायदे रद्द केले. १०९४ नंतर त्यांतील काही परत आले. ११०४ मध्ये कन्फ्यूशस-मंदिरात वांगला स्थान मिळाले. १२४१ मध्ये ते काढून घेण्यात आले. विसाव्या शतकारंभी सुधारणावादी विचारवंत ल्यांग छि-छाव याने त्याची बाजू हिरिरीने मांडली.

तांग-सुंग काळातील आठ श्रेष्ठ गद्यकारांत त्याची गणना होते; सू श्युनचीही.