इन्शुरन्सची सक्ती अमेरिकन मतदारांना का नको होती, थोडा मागचा इतिहास

3 ऑगस्ट 2010 ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात प्रपोझिशन सी नावाच्या प्रस्तावावर मतदान झालं, मुख्य मुद्दा हा की सरकारने कोणालाही हेल्थ इन्शुरन्स घ्यायची सक्ती करावी का, न घेतल्यास दंड लावावा का. साधारण 71 टक्के लोकांनी सक्तीच्या विरोधात कौल दिला. ही सक्ती ज्यात होती त्या केंद्राच्या आरोग्य कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही करून तेव्हा जेमतेम साडेचार महिने झाले होते. त्या दिवशी पक्षांच्या प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुका, होत्या आणि रिपब्लिकन मतदार जास्त बाहेर पडले होते हे खरं, पण तरी 71 म्हणजे फार मोठा आकडा आहे.

आता गंमत नाही, खरंच लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ही सक्तीची आयडिया मुळात उजव्या बाजूची. 1989 मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने ती मांडली, 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन बराचसा भार नोकरी देणाऱ्या कंपन्यांवर टाकायला निघाले तेव्हा रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांनी पर्याय म्हणून जे बिल आणलं त्यात ती होती, आणि 2006 ला मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नींनी ती अमलातही आणली. उलट 2008 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटन सक्तीच्या बाजूने आणि ओबामा विरोधात! लोकांना परवडत नाही म्हणून ते घेत नाहीत, दंड लावून काय होणार, असं ओबामा तेव्हा सांगत होते.

मग निवडून आल्यावर ओबामा का बदलले? कारण हिशोबच तसा आहे. आधीपासून आजार असलेल्या माणसाला कंपनीने नाकारायचं नाही असा नियम केला की धडधाकट माणूस म्हणणार आजारी पडल्यावर बघू, मग इन्शुरन्स घेणाऱ्यांमध्ये फक्त आजारी लोक उरतात आणि प्रीमियम वाढतच जातो. आजाऱ्यांना संरक्षण सगळ्यांनाच हवं होतं, त्यासाठी लागणारी सक्ती नको होती, सगळा राजकीय पेच इथेच अडकला.

समर्थक म्हणायचे गाडीचा इन्शुरन्स नाही का कंपल्सरी? विरोधकांचं उत्तर, गाडी नको तर घेऊ नका, पण इथे नुसतं जिवंत असल्याबद्दल खासगी कंपनीची पॉलिसी घ्यायची. मला हा मुद्दा नेहमीच वजनदार वाटलाय. 2016 पर्यंत दंड वाढून मोठ्या माणसामागे 695 डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते, एवढा झाला. पन्नाशीच्या पुढचं, स्वतःचा छोटा धंदा असलेलं जोडपं, उत्पन्न सरकारी सबसिडीच्या मर्यादेच्या जरा वर, म्हणजे पूर्ण प्रीमियम खिशातून. अशा लोकांचा राग अगदी खरा होता.

मिसुरीनंतर नोव्हेंबर 2010 मध्ये अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमानेही सक्ती नाकारली, कोलोरॅडोत मात्र तसाच प्रस्ताव पडला. 2011 ला ओहायोत तर एकाच दिवशी मतदारांनी सक्तीलाही नकार दिला आणि युनियनचे हक्क कापणारा रिपब्लिकन कायदाही उडवून लावला, म्हणजे हे सगळं निव्वळ पक्षाचं मतदान होतं असं म्हणता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या मतदानांचा फारसा उपयोग नव्हता, केंद्राचा कायदा राज्याच्या वर असतो. 28 जून 2012 ला सुप्रीम कोर्टाने 5-4 ने सक्ती टिकवली, ती पण दंड हा टॅक्स आहे असं म्हणून. शेवटी 2017 च्या ट्रम्प यांच्या टॅक्स कायद्याने 2019 पासून हा दंड शून्यावर आणला.

पण त्याच मिसुरीने ऑगस्ट 2020 मध्ये गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचा विस्तार मतदानाने मंजूर केला, जो ओबामांच्याच कायद्याचा भाग, आणि तिथलं रिपब्लिकन नेतृत्व वर्षानुवर्षं तो अडवून बसलं होतं. लोकांना उपचार नको होते असं कधीच नव्हतं.

केंद्राचा दंड गेला तरी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांनी स्वतःचा ठेवलाय. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास आपली मराठी मंडळी भरपूर, त्यांनी नोकरी बदलताना कव्हरेजमधली गॅप सलग तीन महिन्यांच्या आत राहील एवढं बघावं, नाहीतर राज्याच्या रिटर्नमध्ये दंड लागू शकतो.