स्वादुपिंडाची सूज मुलांनाही येते

‘स्वादुपिंडाला सूज दारू पिणाऱ्यालाच येते, लहान मुलांना नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (स्वादुपिंड म्हणजे जठरामागची, पाचकरस बनवणारी ग्रंथी.) मोठ्यांमध्ये दारू हे मोठं कारण आहेच, म्हणून तो पटतो.

मुलांची कारणं वेगळी आहेत: सायकलचं हँडल पोटात घुसणं, गालगुंडासारखा विषाणू, स्वादुपिंडाचा रस वाहून नेणाऱ्या नलिकेतला जन्मजात दोष, जनुकं, फिटवरचं व्हॅल्प्रोएटसारखं औषध (ते मनानेच बंद मात्र करू नका). नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची मुलं बरीच. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून पित्तखडे होतात आणि खडा नलिकेच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजतं. कधी कारण सापडतच नाही. तिखट शेवभाजीला उगाच दोष नको.

खात्री कशी करायची? वरच्या पोटात दुखणं, रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडातली पाचक द्रव्यं) नेहमीच्या कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज. तीनपैकी दोन जुळली की निदान. म्हणून पोर पोट धरून वाकलं, उलट्या थांबेनात, तर बेंबी सरकली म्हणून चोळत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या, लायपेजचं विचारा.

बहुतेक मुलं सलाईन आणि वेदनाशामकांवर साधारण आठवड्याभरात बरी होतात. काहींना पुन्हा पुन्हा त्रास होतो. त्यांची जनुकीय तपासणी करून घ्यावी. त्यातल्या थोड्यांना पुढे मधुमेहही होऊ शकतो.